'चार्ज'चा अर्थ विचारण्याआधी सांगा, कागद कोणत्या टेबलावरचा?

पाचोऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. इंग्रजी घेऊन एम.ए. झालं, घरबसल्या भाषांतराची कामं घ्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच मोठ्या कामात, बँकेच्या कर्जकरारात, 'चार्ज' हा एकच शब्द तीन कलमांत तीनदा आडवा आला. कोश उघडला तर आरोप, आकार, शुल्क, बोजा, भार, प्रभार, ताबा, हल्ला, दारूचा बार, असा सगळा बाजार भरलेला. "ही यादी पाठ करायची, की दर वेळी अंदाजाने एक उचलायचा?" असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, दोन्ही नको. जळगाव-धुळ्याच्या कोर्टकचेऱ्यांतले इंग्रजी कागद मराठीत आणण्यात माझी उमर गेली, पण 'चार्ज'ची यादी मला आजही पाठ नाही. आणि 'चार्ज' तरी बरा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचं काम करणाऱ्यांनी 'रन' या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले, अशी बातमी २०११ मध्ये आली होती. ते पाठ करणारा माणूस अजून मला भेटायचा आहे. इंग्रज माणसालाही ते पाठ नसतात. त्याला शब्दाची सोबत कळते, एवढंच.

म्हणून आधी सोबत बघा. 'चार्ज' क्रियापद असेल तर त्याच्या मागून कोणता बारका शब्द येतो? 'विथ' आला तर आरोपाचं प्रकरण. 'फॉर' आला तर पैसे मागताहेत. 'टू' आला तर कोणाच्या तरी खात्यावर खर्च टाकताहेत. 'ॲट' आला तर कोणीतरी अंगावर धावून येतंय. नाम असेल आणि पुढे 'ऑन' असेल तर मालमत्तेवर बोजा, 'अगेन्स्ट' असेल तर पुन्हा आरोप. हे झालं की दुसरा प्रश्न: कागद कोणाच्या टेबलावरून आला? बँक, तहसील, पोलीस ठाणं, वीज कंपनी, की शाळा? या दोन प्रश्नांत बहुतेक गुंता सुटतो. उरलेल्यासाठी डोकं लागतं.

या सगळ्या अर्थांचं मूळ एकच आहे, तेही सांगून टाकतो, कारण त्याचा कामात उपयोग होतो. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरणं या अर्थाचं क्रियापद आलं, आणि त्याच घरातून इंग्रजीत कार, कॅरी, कार्गो आणि चार्ज आले. म्हणजे चार्ज हे मुळात ओझं. जमिनीवर कर्जाचं ओझं, माणसावर आरोपाचं, अधिकाऱ्यावर जबाबदारीचं, गिऱ्हाइकावर पैशांचं, बंदुकीत दारूचं. अडलात की विचारा: इथे कोणी कोणावर काय लादलं? उत्तर मिळालं की मराठी शब्द बहुधा आपोआप येतो.

आता तुमची तीन कलमं.

पहिल्यात 'ऑल चार्जेस शॅल बी बोर्न बाय द बॉरोअर' आहे. हे सोपं: सगळा खर्च कर्जदाराने सोसायचा. तुम्ही 'सर्व शुल्के' लिहिलंय. चूक नाही, पण मी ते बदलेन. मराठी कागदात 'शुल्क' हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला लावलेला आहे. स्टॅम्प ड्यूटी म्हणजे मुद्रांक शुल्क. घरातलं महावितरणचं बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि त्याखाली वीज शुल्क. इंग्रजीत जिथे 'चार्ज' आहे तिथे 'आकार', जिथे 'ड्यूटी' आहे तिथे 'शुल्क'. ज्याने हे मराठी केलं त्याने दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या राखल्या, कारण आकार कंपनीला मिळतो आणि शुल्क सरकारला जातं. तुमच्या करारातही खाली मुद्रांक शुल्काचं कलम आहे. वर सगळ्यालाच 'शुल्क' म्हटलंत तर वाचणारा गोंधळेल.

आणि जिथे कामाचा प्रकार माहीत आहे, तिथे 'आकार'ही नको. मराठीत त्या त्या कामाच्या मोबदल्याला घडीव शब्द आहेत: हमाली, तोलाई, भराई, शिलाई, दळणावळ, पाणीपट्टी. मार्केट यार्डाच्या पावतीवर 'वेइंग चार्जेस'ला 'वजन करण्याचे शुल्क' लिहिलेलं मी पाहिलंय. रावेरचा केळीवाला असो की चोपड्याचा कापूसवाला, त्याला 'तोलाई' म्हटलं की पुरे. केळीच्या ट्रकचे 'लोडिंग चार्जेस' म्हणजे भराई. शब्द घरात असताना शेजारी मागायला कशाला जायचं?

दुसरं कलम, 'द बँक शॅल हॅव अ फर्स्ट चार्ज ऑन द सेड प्रॉपर्टी'. इथे थांबू, कारण तुमचा तोटा झाला तर इथेच होईल. मशीनला हे वाक्य दिलं की ते बऱ्याचदा 'बँकेचे मालमत्तेवर पहिले शुल्क राहील' असं काहीतरी काढून देतं. शेतकऱ्याला वाटेल, बँक पहिल्यांदा काही रुपये कापणार. खरा अर्थ असा की कर्ज बुडालं आणि जमीन विकली गेली तर आलेल्या पैशातून आधी या बँकेचं भागवायचं, मग बाकीच्यांचं. म्हणजे पहिला बोजा. 'बोजा' हा शब्द गावात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचं नाव आणि रक्कम दिसते, तो बोजा. फेरफाराने चढतो, बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा) दिला की फेरफारानेच उतरतो. आमच्याकडे पारावर म्हातारी माणसं विचारतात, "आबा, बोजा उतरना का?" अहिराणीतलं हे वाक्य आणि बँकेच्या वकिलाचं 'सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज' एकच गोष्ट सांगतात.

पण बोजा आणि गहाण यांत फरक ठेवा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मधला 'चार्ज' म्हणजे गहाण नव्हे. एखादी स्थावर मालमत्ता पैशाच्या फेडीसाठी जामीन धरली गेली, पण तो व्यवहार गहाणाच्या व्याख्येत बसत नाही, तर तो चार्ज. गहाणात मालमत्तेतला काही हक्क दुसऱ्याकडे जातो, चार्जमध्ये तसा जात नाही. तिच्यातून वसूल करण्याचा अधिकार तेवढा मिळतो. आणि हा चार्ज कोणी लिहून दिलाच पाहिजे असंही नाही. समजा तुम्ही शेत विकलं, खरेदीखत झालं, मालकी घेणाऱ्याकडे गेली, पण निम्मे पैसे बाकी राहिले. कलम ५५ नुसार त्या बाकीपुरता विकणाऱ्याचा चार्ज त्या शेतावर कायद्यानेच बसतो. अशा ठिकाणी 'गहाण' लिहिलंत तर समोरचा वकील तुमचं भाषांतर हातात धरून उभा राहील.

त्याच कलम १०० मध्ये पुढे म्हटलंय की मोबदला देऊन आणि चार्जची कल्पना नसताना जमीन घेणाऱ्यावर तो चार्ज चालत नाही, दुसऱ्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद असेल तर गोष्ट वेगळी. आता सातबाऱ्यावरच्या त्या ओळीचं महत्त्व लक्षात येईल. ओळ चढली की 'मला माहीत नव्हतं' म्हणणं घेणाऱ्याला जड जातं.

कंपनीचा कागद आला की मात्र उलटं. कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये 'चार्ज'ची व्याख्या करतानाच 'गहाणासह' असं म्हटलंय. तिथे गहाणही चार्जच, आणि त्याची नोंद कंपनी निबंधकाकडे करावी लागते. कापूस पिंजून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगच्या कंपनीने कारखान्याची जागा बँकेकडे गहाण टाकली असेल, तर निबंधकाकडे ती चार्ज म्हणूनच नोंदली जाते. मी तिथे 'प्रभार' न लिहिता 'बोजा (गहाणासह)' लिहितो. जिनिंगवाल्यांच्या कागदात 'फ्लोटिंग चार्ज' पण भेटेल. तो कापसाच्या, सरकीच्या, गाठींच्या साठ्यावर असतो. साठा रोज बदलतो, बोजा त्याच्यासोबत हलत राहतो. 'तरता बोजा' म्हणा, चालतं.

गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जात आणखी एक शब्द येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासद आपल्या जमिनीवर सोसायटीचा बोजा ठेवल्याचं लिहून देतो. त्याला आपल्याकडे 'इकरार' म्हणतात. जुना फारसी-अरबी वळणाचा शब्द, अर्थ कबुली. कामकाज ऑनलाइन झाल्यापासून तो ठिकठिकाणी 'ई-करार' असा दिसू लागलाय आणि नव्या पोरांना वाटतं, हा ई-मेलसारखा संगणकावर केलेला करार. तुम्ही इकरारच लिहा.

तिसरं कलम, 'इफ द बॉरोअर इज चार्ज्ड विथ एनी ऑफेन्स'. तुम्ही 'कर्जदारावर आरोपपत्र दाखल झाल्यास' असं केलंय. हे बदला. यात दोन वेगळे टप्पे एक झालेत. पोलीस तपास संपवून कोर्टात जो अहवाल देतात, त्याला आपण आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतो. तो पोलिसांचा कागद. त्यानंतर कोर्ट तो वाचतं, दोन्ही बाजू ऐकतं आणि वाटलं तरच आरोपीवर दोषारोप निश्चित करतं. ते कोर्टाचं काम. इंग्रजीत पहिल्याला 'चार्जशीट फाइल्ड', दुसऱ्याला 'चार्ज फ्रेम्ड'. दोन्हींमध्ये कधीकधी वर्षं जातात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले (पोलीस अहवाल १७३ चा १९३ झाला, दोषारोपात काय असावं ते २११ चं २३४ मध्ये गेलं), पण टप्पे तेच राहिले. विधानसभेच्या उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात कोर्टाने दोषारोप निश्चित केले आहेत का, ते सांगावं लागतं. तिथे 'आरोपपत्र दाखल' लिहिलं तर माणसाची बदनामी किंवा लपवाछपवी, दोन्हींपैकी काहीतरी होईल.

तुमच्या करारात मात्र 'चार्ज्ड विथ' ढोबळ आहे. पोलिसांनी ठेवलेला आरोप की कोर्टाने निश्चित केलेला, हे मसुदा करणाऱ्यानेच मोघम ठेवलंय. मूळ मोघम असेल तर भाषांतर ठाम करू नका. 'कर्जदारावर कोणत्याही अपराधाचा दोषारोप ठेवण्यात आल्यास' एवढंच लिहा आणि समासात पेन्सिलीने टीप टाकून बँकेच्या वकिलाला विचारा.

तुमचं काम इथे संपलं. पण पुढे सरकारी कागद येतीलच, म्हणून थोडं त्याबद्दलही.

खातेनिहाय चौकशीच्या कागदांत 'चार्ज' नुसता धुमाकूळ घालतो. असं वाक्य नेहमी भेटतं: 'द चार्ज्ड ऑफिसर, व्हाइल इन चार्ज ऑफ द स्टोअर, फेल्ड टु हँड ओव्हर चार्ज, अँड द लॉस वॉज चार्ज्ड टु हिज सॅलरी.' एका वाक्यात चारदा. नवखा माणूस चारही ठिकाणी 'प्रभार' घालून मोकळा होतो. मी असं करीन: "अपचारी कर्मचाऱ्याकडे भांडाराचा कार्यभार असताना त्याने तो पुढच्याकडे सोपवला नाही, आणि झालेले नुकसान त्याच्या वेतनातून वसूल करण्यात आले." चारपैकी एकाच जागी 'भार' उरला. पहिला गेला 'अपचारी'मध्ये (म्हणजे ज्याच्यावर दोषारोप आहे तो), चौथा 'वसूल'मध्ये, आणि तिसऱ्याला 'तो' पुरला. इंग्रजी शब्द चारदा आला म्हणून मराठीही चारदा यायला हवा, असं काही नाही. याच चौकशीत 'आर्टिकल्स ऑफ चार्ज' येतात. ते दोषारोप, आणि ते ज्ञापनासोबत जोडपत्रात जातात.

'इन चार्ज'मध्ये एक खोच आहे. 'द बॉय वॉज इन चार्ज ऑफ द बफेलोज' म्हणजे पोरगा म्हशी राखत होता. 'द बॉय वॉज इन द चार्ज ऑफ हिज अंकल' म्हणजे पोरगा काकाच्या हवाली होता. एका 'द'ने राखणारा आणि राखला जाणारा उलटे झाले. मुलांच्या ताब्याच्या दाव्यात हे चुकलं की काका पुतण्याच्या ताब्यात जातो. आणि 'हर चार्जेस' असं नर्सबद्दल लिहिलेलं दिसलं तर ते तिचे दर नसतात, तिच्या देखरेखीतली मुलं असतात.

आपल्याकडच्या इंग्रजीत 'इन-चार्ज हेडमास्टर' म्हणजे प्रभारी मुख्याध्यापक, कायम नेमणूक न झालेला. लंडनच्या माणसाला यात तात्पुरतेपणा दिसणार नाही, त्याला तो सरळ शाळेचा प्रमुख वाटेल. मराठीतून इंग्रजीत नेताना हे ध्यानात ठेवा. जनगणनेतला 'चार्ज' तर आणखी निराळा: तो एक इलाखा असतो, आणि तहसीलदार बहुधा त्याचा चार्ज अधिकारी. तिथे भाषांतर करायला जाऊ नका, सरकारच मराठीत 'चार्ज अधिकारी' लिहितं. राज्याच्या अंदाजपत्रकात 'चार्ज्ड' खर्च म्हणजे भारित खर्च, जो सभागृहाच्या मताला टाकत नाहीत. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार त्यातले. मताला टाकतात तो दत्तमत. हे दोन शब्द जोडीने पाठ करा. पाठ करण्यासारखं एवढंच.

शाळेच्या विज्ञानात 'चार्ज' म्हणजे विद्युत प्रभार. 'भार' लिहू नका, कारण विजेच्या दुनियेत भार म्हणजे लोड. भारनियमन कशाचं असतं ते खानदेशातल्या माणसाला शिकवायला नको. मोटार चालू करायला रात्री दोनला उठलेला शेतकरी ते चांगलं जाणतो. मोबाईलच्या बॅटरीला मात्र प्रभार नाही, भार नाही, चार्जिंगच. "मोबाईलमा चार्जिंग नही शे" हे वाक्य कोणत्याही कोशापेक्षा खरं आहे.

पाण्याच्या कागदांत 'रिचार्ज' येतो आणि तिथे 'भार' नाही, 'भरण' लागतं. पुनर्भरण. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरकडे जो बझाडा पट्टा (डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा, पाणी मुरवणारा) आहे, त्यात पाणी मुरवून विहिरी-बोअर भरायचे, या हिशेबाने तापी मेगा रिचार्जची योजना आखली गेली, आणि १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने भोपाळमध्ये तिच्या करारावर सह्या केल्या. या योजनेचे कागद पुढची काही वर्षं आपल्या भागातल्या भाषांतरकाराकडे येतील असं मला वाटतं. त्यात 'चार्ज्ड अक्विफर' म्हणजे पाण्याने भरलेला जलधर, जमिनीखालचा पाणी धरणारा थर. 'प्रभारित जलधर' लिहिलं तर वाचणाऱ्याला झटका बसेल.

'डिस्चार्ज' हा त्याचाच भाऊ, उतरवणारा. दवाखान्यातून सुट्टी. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापीत होतो तो विसर्ग. कोर्टात मात्र जपून. 'डिस्चार्ज' म्हणजे दोषारोप न ठेवताच आरोपीला सोडणं, 'अक्विटल' म्हणजे खटला चालून निर्दोष सुटणं. वर्तमानपत्रं 'दोषमुक्त' हा शब्द कधी इकडे लावतात, कधी तिकडे. कायद्याच्या कागदात तुम्ही पहिल्याला 'दोषारोप न ठेवता सोडले' असं उघड लिहा. लांब होतं, पण वाद होत नाही. कर्ज 'डिस्चार्ज' झालं म्हणजे फिटलं.

मारामारीचे अर्थ फार अवघड नाहीत. पोलिसांचा लाठीमार, सैन्याची चढाई. अस्वल 'चार्ज' करतं तेव्हा ते अंगावर येतं. वनखात्याच्या जबाबात 'द बेअर चार्ज्ड ॲट हिम' भेटलं तर आरोप करणारं अस्वल करू नका. विहीर फोडताना सुरुंगात भरतात ती दारू, तोही चार्ज. आणि 'चार्ज्ड ॲटमॉस्फिअर'ला सरसकट 'भारलेले वातावरण' करू नका. कीर्तनाने वातावरण भारलं जातं. दोन गट समोरासमोर आले असतील तर ते तंग असतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, सरळ 'चार्ज' असंच देवनागरीत ठेवलं तर? बोलण्यातल्या मजकुरात खुशाल ठेवा. "साहेबांनी चार्ज घेतला" हे मराठीच आहे. जिथे पैसा, जमीन किंवा तुरुंग गुंतलाय, तिथे ठेवू नका, कारण तिथे वाचणारा आपल्याला सोयीचा अर्थ घेतो. भाषा संचालनालयाचे न्याय व्यवहार कोश आणि शासन व्यवहार कोश जवळ असू द्या. पहिला कोर्टाच्या कागदाला, दुसरा कचेरीच्या. दोन्ही कोश पाहूनही ठरत नसेल तर वाक्य ज्याने लिहिलं त्या वकिलाला फोन लावा. ते चिडत नाहीत. निदान जळगावचे तरी नाहीत.